बाबा, तुमचा कान तयार आहे

पुणे, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, बुधवारच्या फोननंतर सारखं तेच डोक्यात आहे. शेजारच्या काकांनी आग्रहानं तुम्हाला देशपांडे सभागृहात गाण्याला नेलं आणि तुम्ही मध्यंतरातच उठून घरी आलात. "सगळे माना डोलावून राहिले होते अन् मी आपला घड्याळ पाहून राहिलो होतो. या वयात आता काय समजणार बाप्पा," एवढं बोललात आणि लगेच आईकडे फोन दिलात. ज्या घाईनं दिलात त्यावरूनच मला कळलं, की तुम्हाला लागलंय ते. म्हणून आज निवांत बसून लिहितेय. फोनवर हे सगळं बोलता आलं नसतं.

मी सात-आठ वर्षांची असेन. तुमची दुपारची ड्यूटी होती आणि आईला माहेरी जायचं होतं म्हणून तुम्ही मला सोबत नेलं होतं. नागपूर स्टेशनात गाडी येऊन थांबली. तुम्ही लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांच्या कडेनं चालायला लागलात आणि मला बाकावर बसवून म्हणालात, "आवाज ऐक फक्त." प्रत्येक चाकावर एक ठोका. ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मग एका चाकाशी थांबलात, पुन्हा ठोका दिलात, वाकून कान लावलात, खडूनं खूण केलीत. मला काहीच फरक कळला नव्हता. घरी येताना तुम्ही सांगितलंत, चांगलं चाक गातं, चिरलेलं बद्द बोलतं. तीसेक वर्षं तुम्ही हे केलंत. यार्डात इंजिनं ओरडत असताना, पावसात, रात्री तीन वाजता, एका ठोक्यातला गाता सूर आणि बद्द सूर वेगळा काढलात. त्यावर हजारो माणसं सुखरूप घरी गेली. आणि असा माणूस म्हणतो, मला सुरातलं काही समजत नाही!

त्या कार्यक्रमात सुरुवातीची दहा मिनिटं तबलजी नुसताच ठाकठोक करत होता, असं तुम्ही वैतागून म्हणालात. बाबा, तो तुमचंच काम करत होता. तबल्याच्या तोंडाला चामड्याची वेणी असते, तिला गजरा म्हणतात. खाली चामड्याच्या पट्ट्यांमध्ये, म्हणजे वाद्यांमध्ये, लाकडी गट्टे अडकवलेले असतात. गजऱ्यावर आणि गट्ट्यांवर हातोडीचे ठोके देत तो पुडी, म्हणजे वरचं चामडं, सगळीकडून सारखी ताणतो, म्हणजे कडेनं कुठंही बोट मारलं तरी एकच सूर निघतो आणि तो गायकाच्या सूराला मिळतो. एका बाजूला जरा उतरलेला राहिला तर ऐकणाऱ्याला लगेच खुपतं. पुढच्या वेळी ही दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. कधी मिळाला ते तुम्हाला माझ्याआधी कळेल, अगदी खात्रीनं सांगते.

आता कानाच्या मशीनबद्दल, कारण मला वाटतं अर्धा घोळ तिथंच झाला. मी इथल्या एका डॉक्टर मैत्रिणीला मुद्दाम विचारलं. ही मशीनं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून बसवलेली असतात. पंख्यासारखा एकसारखा चालू राहणारा आवाज त्यांना गोंगाट वाटतो आणि ती तो दाबतात. शिवाय मशीन कधीकधी शिट्टी मारतं ना, ती थांबवायलाही आत सोय असते. लांब, स्थिर सूर आला की मशीनला वाटतं शिट्टीच झाली, आणि ते त्याच्या मागे लागतं. म्हणजे बघा, तानपुरा आणि गायकानं लावलेला लांब 'सा', गाण्याचा सगळा पायाच तुमच्या कानापर्यंत पोचायच्या आधी कापला जात होता, नाहीतर थरथरून येत होता. तुम्ही ऐकलंत ते गाणं नव्हतंच. बऱ्याच मशीनांमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम टाकता येतो. ज्यांनी मशीन दिलं त्यांनी हे सांगायला हवं होतं, नाही सांगितलं याचा मला राग आहे. आई, या आठवड्यात त्यांना घेऊन जा आणि "म्युझिक प्रोग्राम टाकून द्या" एवढं स्पष्ट म्हण.

आणि कूलर! मे महिन्यात नागपूरच्या घरात कूलर घोंघावत असताना तानपुरा कुणालाच ऐकू येणार नाही, मशीन असो वा नसो. दुपारी ऐकायच्या भानगडीत पडू नका. पहाटे साडेपाचला कूलर बंद करून आई सडा टाकते तेव्हा, नाहीतर संध्याकाळी गच्चीवर पाणी मारून झाल्यावर ऐका.

पुढच्या शनिवारी दादा येतोय त्याच्यासोबत एक छोटा स्पीकर आणि पेन ड्राइव्ह पाठवते. फार काही भरलेलं नाही त्यात. मी मुद्दामच कमी ठेवलंय.

ज्या सभागृहातून उठून आलात, त्यावर ज्यांचं नाव आहे त्यांच्यापासूनच सुरुवात करायची. वसंतराव देशपांडे १९२० साली आपल्या वऱ्हाडात मूर्तिजापूरला जन्मले, नागपुरात वाढले, तिथंच शंकरराव सप्र्यांकडे शिकले. पुढं कितीतरी वर्षं मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करत गायले. तुमच्यासारखेच ड्यूटीवाले होते हो ते. 'कट्यार काळजात घुसली' तर तुम्हाला माहीतच आहे. १९६७चं ते नाटक, लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर, तेही नागपूरचेच. त्यात 'घेई छंद मकरंद' दोनदा आहे. एकदा प्रसाद सावकारांनी सदाशिवच्या भूमिकेत गायलेलं, एकदा वसंतरावांनी खाँसाहेबांच्या. शब्द तेच, संगीतकारही एकच, जितेंद्र अभिषेकी. पण सावकारांचं धानी रागात आहे आणि वसंतरावांचं सालगवराळीत. पेन ड्राइव्हवर एक आणि दोन नंबरला ही दोन पदं लागोपाठ ठेवली आहेत. राग म्हणजे काय, हे मी शंभर ओळींत लिहिलं असतं तरी या दोन पदांइतकं कळलं नसतं. तीच कविता, आणि एकीकडे फुलाभोवती गुणगुणतंय कुणीतरी, दुसरीकडे झडप घालतंय. असं का वाटलं, ते शोधायची घाई करू नका. वाटलं ना, मग झालं.

तीन नंबरला अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी आहे, 'पिया बिन नहीं आवत चैन'. जुनी तबकडी आहे, खरखर आहे, पण फक्त तीनेक मिनिटांची. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, म्हणून त्या पिढीच्या गायकांनी सगळा ऐवज तेवढ्यात बांधला. नव्यानं ऐकणाऱ्यासाठी मला तर या तबकड्यांसारखं दुसरं काही वाटत नाही. तास-दीड तासाचा ख्याल पहिल्याच दिवशी ऐकणं म्हणजे पोहायला शिकायला थेट अंबाझरी तलावात उडी. भीमसेन जोशींनी लहानपणी गदगमध्ये हीच तबकडी ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून १९३३ साली, अकरा वर्षांचे असताना, गुरूच्या शोधात घर सोडलं. मी पुण्यात नवीन आले तेव्हा, ती पहिली नोकरी, ती वितभर खोली, तुम्हाला फोनवर सगळं छान आहे म्हणून सांगायचे आणि छान काही नसायचं. तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडून रोज रात्री हेच ऐकू यायचं. महिनाभर मला रागाचं नावही माहीत नव्हतं. पण त्या आवाजात कुठंही जोर नाही, आणि तरी तो पोचतो. त्यानं मला झोप लागायची. हे तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

बाबा, चौथ्या नंबरचं गाणं तुम्हाला बातम्यांइतकं आवडेल. केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', साडेतीन मिनिटं. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली, त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, पृथ्वीवरच्या निवडक आवाजांची. त्यात आपल्याकडचं हे गाणं. इस्रोच्या प्रक्षेपणाला तुम्ही टीव्हीसमोरून हलत नाही म्हणून सांगते, माणसानं पाठवलेल्या वस्तूंपैकी सर्वांत लांब गेलेल्या यानावर एक गोव्याची बाई भैरवी गातेय. यानं निघाली त्याच वर्षी केसरबाई गेल्या.

आई, तू म्हणशील सगळं बाबांनाच चाललंय. पाचवं तुझं आहे. सडा टाकताना तू 'घनश्याम सुंदरा' म्हणतेस ना, तो भूप. पाचच स्वर, सा रे ग प ध. मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही. आता किशोरीताई आमोणकरांचं 'सहेला रे' ऐक. तेही भूपच. तुझ्या ओळखीचंच अंगण आहे, फक्त त्या तुला हाताला धरून अशा कोपऱ्यात नेतात जिथं तू कधी उभी राहिली नव्हतीस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तूच आठवलीस, हातात रांगोळीची वाटी घेतलेली. तुमच्या भजनी मंडळात भीमसेनजींचं 'तीर्थ विठ्ठल' म्हणता, तो अहीर भैरव. तोच राग शिवकुमार शर्मांच्या संतूरवर, हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसोबत ऐकायचा असेल तर १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' सहाव्या नंबरला आहे. त्यात ब्रिजभूषण काब्रा गिटारवर आहेत. मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस. शब्दच नाहीत, त्यामुळे समजलं नाही असं वाटायचा प्रश्नच नाही.

यातलं एकच गाणं आठवडाभर ऐकायचं, फक्त एक आणि दोन मात्र जोडीनं. रोज एकदा. दुसऱ्याला हात लावायचा नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुढची जागा यायच्या आधीच मन तिथं जाऊन उभं राहतं, आणि मग गायक ती जागा घेतो तेव्हा आपसूक मान हलते. सभागृहातल्या त्या माणसांच्या माना याच कारणानं हलत होत्या. त्यांनी तो राग आधी पन्नासदा ऐकला होता, एवढंच.

तालासाठी बाबांना एक काम. गाडीत बसलो की तुम्ही घड्याळ काढून रुळांचे सांधे मोजायचात. १३ मीटरचा रूळ, ४७ सेकंदांत जितके खटके तितका गाडीचा ताशी वेग. तसंच तीनतालाचं. सोळा मात्रा, बोटांवर मोजा. नवव्या मात्रेला 'खाली' येते, म्हणजे टाळीऐवजी रिकामी जागा, त्या भागात डग्ग्याचा, म्हणजे डाव्या हाताच्या वाद्याचा, घुमारा गायब होतो, नुसता कोरडा बोल. तो पुन्हा भरला की समजायचं सम, म्हणजे पहिली मात्रा, जवळ आली. 'सहेला रे' तीनतालातच आहे, त्यावरच मोजून बघा. दोन दिवसांत सम तुमच्या हातात येईल.

सगळ्यांत शेवटी एक मोठं ठेवलंय, अमीर खाँसाहेबांचा मारवा. ते आत्ता नको. बाकीची सहा होऊ देत, मग एका संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, सूर्य बुडताना, दोघं गच्चीवर खुर्च्या टाकून बसा. लय इतकी सावकाश आहे की पहिल्यांदा काहीच घडत नाही असं वाटेल. या रागात पंचम (प) नाही, रिषभ (रे) कोमल आहे, आणि 'सा'वर, म्हणजे घरी, गायक लवकर येतच नाही. दिवस संपलाय आणि घरचं माणूस अजून आलं नाही, तशी हुरहुर लागते. आई, बाबांची ड्यूटी वाढली की तू दारात उभी असायचीस, मी अभ्यासाच्या टेबलावरून तुझी पाठ बघायची. ती संध्याकाळ आहे या गाण्यात. रडू आलं तर येऊ द्या.

दिवाळीत मी येतेय, तेव्हा आपण तिघं मिळून एखाद्या मैफलीला जाऊ. तबला मिळवायच्या आधीच जाऊन बसू. मला तुमच्या शेजारी बसायचंय आणि तबला पूर्ण मिळाला त्या क्षणी तुम्ही मला कोपरानं ढोसायचंय.

मशीनचं मात्र या आठवड्यातच करा, आई. उन्हात जाऊ नका, सकाळी दहाच्या आत उरका. पुढच्या रविवारी फोन करेन, तोवर फक्त एक आणि दोन.

तुमची,
मनू