न आलेलं प्रतिज्ञापत्र आणि सरत चाललेले बारा महिने

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

मी उच्च न्यायालयात वकिली करतो. एमपीडीए, म्हणजे धोकादायक ठरवलेल्या माणसाला खटल्याशिवाय डांबून ठेवण्याची मुभा देणारा राज्याचा कायदा; त्याखाली स्थानबद्ध असलेल्या माझ्या एका अशिलाने कारागृहातून न्यायमूर्तींच्या नावे दोन पानी अर्ज पाठवला. मला सोडा, असं त्यात कुठेच नाही. आठ महिने गेले, चार उरलेत, तेवढ्यात माझी हेबियस कॉर्पसची, म्हणजे ही स्थानबद्धता कायदेशीर आहे का हे तपासण्यासाठीची, याचिका एकदा ऐका, एवढीच विनंती.

ही याचिका पाच वेळा बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या सुनावणीच्या यादीत, आली. पहिल्या तारखेला नोटीस निघाली. पाचव्या तारखेला बोर्ड लांबला आणि आमचा नंबरच लागला नाही. न्यायालयावरच्या ताणाचा जाब मी तुम्हाला विचारत नाही. मधल्या तीन तारखा मात्र सरकारच्या. एकदा जिल्ह्यातून कागद आले नाहीत. एकदा याचिकेला सरकारचं उत्तर असलेलं प्रतिज्ञापत्र तयार होतं, पण सही करणाऱ्या अधिकाऱ्याची बदली झालेली. तिसऱ्यांदा सरकारी वकिलांनी नुसतीच मुदत मागितली. कारण सांगायचा त्यांनाही संकोच वाटला असावा.

१९८१ चा हा कायदा घड्याळ समोर ठेवून लिहिलेला आहे. स्थानबद्धतेची कारणं ५ दिवसांत द्यायची, १२ दिवसांत शासनाची मान्यता घ्यायची, ३ आठवड्यांत प्रकरण स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे पाहणाऱ्या सल्लागार मंडळाकडे पाठवायचं, ७ आठवड्यांत मंडळाने अहवाल द्यायचा. मुदत हुकली तर आदेश टिकत नाही, म्हणून आपलं खातं या तारखा डोळ्यांत तेल घालून सांभाळतं. न्यायालयात उत्तर द्यायची वेळ आली की तीच माणसं सुस्तावतात, कारण तिथल्या उशिराने सरकारचं काहीच अडत नाही. उलट सोयच होते. १२ महिने ही कमाल मर्यादा. ती भरली की माणूस आपोआप बाहेर येतो, याचिका निष्फळ म्हणून निकाली निघते आणि आदेश बेकायदा होता की नाही हे कधीच ठरत नाही.

माझा अशील साधुसंत आहे, असा माझा दावा नाही. त्याच्यावर गुन्हे दाखल आहेत. खटले चालवा, शाबीत करा. पण इथे खटलाच नाही. 'अ' आणि 'ब' अशा नावाने ओळखले जाणारे गोपनीय साक्षीदार, आणि सल्लागार मंडळापुढे वकिलाला मज्जाव. वकिलाच्या तोंडून त्याचं म्हणणं मांडलं जाईल अशी पहिली जागा म्हणजे ही याचिका.

२०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयासमोर असंच काहीसं आलं होतं. स्थानबद्ध माणसाचं आदेशाविरुद्धचं निवेदन कारागृहाने साध्या टपालाने पाठवलं आणि ते जवळपास नऊ महिने पोहोचलंच नाही. कारागृहाच्या निष्काळजीपणाची किंमत बंद्याने मोजायची नाही, असं न्यायालयाने बजावलं. ई-मेलच्या जमान्यात हे बजावावं लागतं!

आपल्याकडून हवं आहे ते एक परिपत्रक. नोटीस मिळाल्यापासून दोन आठवड्यांत प्रतिज्ञापत्र दाखल व्हावं. न झाल्यास सरकारी वकिलांनी मुदत न मागता सुनावणीला उभं राहावं, आणि विलंब कोणत्या टेबलावर झाला याची नोंद खात्याने ठेवावी. बंद्याचं निवेदन कारागृहातून त्याच दिवशी ई-मेलने निघावं. यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

आमची पुढची तारीख लागली आहे. त्या दिवशी त्याचे दहा महिने भरतील. प्रतिज्ञापत्र अजून आलेलं नाही.

आपला,
उच्च न्यायालयातील एक वकील