चष्म्याला घड्याळ म्हणाले तेव्हा

प्रिय मित्रा,

काकूंचं डायलिसिस सुरू झाल्याचं कळल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर तू मधेच "बघू रे" म्हणतोस, म्हणून लिहितोय.

आमचे अण्णाही डायलिसिसवर. गेल्या वर्षी त्यांना न्यूमोनिया झाला. अँटिबायोटिकने तीन दिवसांत ताप उतरला. चौथ्या दिवशी सकाळी ते घड्याळ मागू लागले. मी घड्याळ दिलं तर चिडले. हवा होता चष्मा! दुपारी एकच शब्द घोकत बसले. हात आपोआप उडायचा, चमचा निसटायचा. संध्याकाळी त्यांनी मला ओळखलं नाही. मला वाटलं पक्षाघात, कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं रक्तात युरिया, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळायची घाण, साचली. पण डायलिसिस आदल्याच दिवशी झालेलं, आणि सीटी स्कॅनमध्येही काही नाही.

रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी औषधांचा कागद मागितला आणि सेफेपिमवर, म्हणजे त्याच अँटिबायोटिकवर, बोट ठेवलं. हे औषध जवळपास 85 टक्के लघवीवाटे जातं. मूत्रपिंडं धड असतील तर रक्तातलं निम्मं दोन तासांत उतरतं. डायलिसिसवरच्या माणसात त्याला साडेतेरा तास लागतात. अण्णांना डोस मात्र धडधाकट माणसाचा चालला होता, म्हणजे आधीचा उतरायच्या आत पुढचा. मेंदूला आवर घालणाऱ्या गाबा या रसायनाचं काम हे औषध अडवतं. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढला तेव्हा कळलं, अण्णांना आतल्या आत फिट चालू होती. बाहेरून फक्त टक लावलेली नजर. आम्ही दिवसभर शेजारी बसून "थकलेत, झोपू द्या" म्हणत होतो, हे अजून मनातून जात नाही.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2012 मध्येच या धोक्याचा इशारा दिला होता. मोजून दिलेल्या डोसनेही कधी कधी असं होतं, म्हणून सगळा राग डोसवरही काढता येत नाही.

औषध बदललं, जादा डायलिसिस केलं. तीन तासांत अंगातलं दोनतृतीयांश औषध निघून जातं म्हणे. तिसऱ्या दिवशी अण्णांनी चष्मा 'चष्मा' म्हणूनच मागितला.

अँटिबायोटिकला नाही म्हणू नकोस हं. संसर्ग अंगावर काढणं त्याहून वाईट. फक्त प्रत्येक नव्या डॉक्टरला "डायलिसिस चालू आहे, डोस त्याप्रमाणे आहे ना? डायलिसिसनंतर द्यायचा ना?" एवढं विचार. आणि औषध चालू असेपर्यंत रोज सकाळी काकूंशी गप्पा मार. शब्द चुकायला लागले तर त्याच दिवशी सांग. तुला हाक मारताना त्या आधी तुझ्या भावांची नावं घेतात, ते सोडून.

तुझाच,
बाकावरचा जुना सोबती