तुझ्या बॅगेत एक पाकीट

प्रिय दोस्ता,

लाओसचं तिकीट काढलंस, नवा कॅमेरा घेतलास, आणि पत्राच्या शेवटी सहज विचारलंस, "खेड्यातल्या पोरांचे फोटो मस्त मिळतात म्हणे तिकडे, काही टिप्स दे." देतो. पण आधी एक गोष्ट ऐकून घे. सात वर्षांत कुणाला सांगितलेली नाही, तेव्हा जरा लांबेल.

नाँग खिआवहून नाम ऊ नदीतून होडीने तासाभरात मुआंग न्गोई येतं. तिथून भातखाचरांच्या बांधावरून चालत मी पुढच्या एका गावात गेलो होतो. गावाचं नाव इथे लिहीत नाही, मुलीचंही नाही. का ते पुढे कळेल.

पहिल्याच घरापुढे बॉम्बचं कवच उभं चिरून आडवं ठेवलेलं, त्यात कांद्याची पात लावलेली. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकी विमानांनी लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले, हे तू वाचलं असशीलच. लोकांनी ते लोखंड वापरात आणलं. कुठे कुंपणाचे खांब, कुठे घराचे टेकू, इथे पातीची कुंडी. तिच्याशेजारी सहा-सात वर्षांची एक मुलगी काखेत कोंबडी दाबून उभी होती. कोंबडी सुटायला धडपडत होती आणि मुलगी खिदळत होती.

मला कोंबडी दिसलीच नाही रे. मला दिसलं ते 'युद्ध आणि बालपण'. मी हातवारे करून तिला कोंबडी खाली ठेवायला लावली, कवचापाशी उभं केलं, आणि बोटांनी स्वतःच्याच ओठांची कड खाली ओढून दाखवली, म्हणजे हसू नकोस. पोर गुणी, ऐकलं तिनं. मी तीन फोटो काढले.

तेवढ्यात तिची आजी शिडीवरून खाली उतरली. आपलाही फोटो हवा म्हणाली. थोडंफार इंग्रजी येणारा गावातला एक मुलगा मध्ये होता, म्हणून एवढं कळलं. कोंबडी पुन्हा काखेत गेली, धाकटा भाऊ ओढून आणला गेला. मी आपला उपचार म्हणून बटण दाबलं. फोटो तिरका, आजीचे डोळे मिटलेले, कोंबडीचा पंख हललेला. पडद्यावर कवचापाशी काढलेला एक आणि हा, असे दोन्ही दाखवले तर आजीनं नखानं टकटक करून हाच निवडला. मी "पाठवतो" म्हणालो. त्या मुलानं ते भाषांतर करून सांगितलं, आजीनं मान डोलावली.

परत आल्यावर पहिला फोटो मी सगळीकडे टाकला. "काय डोळे आहेत!" "बिचारी." "युद्धानं हसू हिरावलं." अरे, हसू मी हिरावलं होतं, पाच मिनिटांपूर्वी. त्या डोळ्यांत होतं ते एवढंच की या माणसानं माझी कोंबडी का घेतली. पण मी कुणाची समजूत दुरुस्त केली नाही. खोटं कशाला बोलू, कौतुक गोड लागत होतं. तीन वर्षांनी तोच फोटो कुणा अनोळखी माणसानं भुकेवरच्या मजकुराला जोडलेला पाहिला. मग माझा काढून टाकला, पण त्याचा कसा काढणार?

आजीच्या फोटोचं काय झालं, तेही सांगतो. चांगल्या कागदावर चार प्रती काढल्या, पाकिटावर गाव, जिल्हा, प्रांत सगळं लिहिलं आणि धाडून दिलं. काही महिन्यांनी पाकीट शिक्के खाऊन परत. नंतर कळलं की लाओसमध्ये पोस्टमन दारोदार फिरत नाही, टपाल जातं ते पोस्टातल्या खणांवर. त्या आजीचा कुठला आलाय खण! "पाठवतो" म्हणण्याआधी हे विचारायला दोन मिनिटं लागली असती.

हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचं मुखपृष्ठ आठवतं ना तुला? शरबत गुला. पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत १९८४ साली स्टीव्ह मॅकरीनं तो फोटो काढला, १९८५च्या जूनमध्ये नॅशनल जिऑग्राफिकवर आला, आणि जगानं त्या नजरेत काय काय वाचलं. तिला स्वतःला तो पाहायला मिळाला २००२ साली. तेव्हा तिला त्या क्षणाबद्दल आठवत होता तो राग, परका माणूस फोटो काढतोय याचा. मॅकरीशी माझी बरोबरी नाही, पण ते वाचल्यापासून माझ्या फोटोतली ती सरळ केलेली ओठांची रेघ मला बघवत नाही.

आता टिप्स.

"थाय हूप दाय बो?" हे पाठ कर. फोटो काढू का, असा अर्थ. पण विचारायचं ते मोठ्या माणसाला. मग पोरालाही, वाकून, कॅमेरा खाली धरून. पोर हसलं म्हणजे हो म्हणालं असं नाही. ती तर कुणाकडेही बघून हसतात. "बो दाय" म्हणजे नाही. पण तोंडानं नाही म्हणणारी कमीच. चेहऱ्यावर हात, आईच्या पाठीमागे सरकणं, हसत हसत मान फिरवणं, हे सगळं नाहीच. आंघोळ करणाऱ्या पोरांवर तर कॅमेरा उचलूच नकोस, नदी कितीही सुंदर दिसो. शाळा भरलेली असेल तर खिडकीतून डोकावू नकोस. आपल्या पोरांच्या वर्गात रोज चार परके कॅमेरे शिरले असते तर आपण मुख्याध्यापकांना सोडलं असतं का?

लुआंग प्रबांगला पहाटे भिक्षूंची रांग निघते. त्यात दहा-बारा वर्षांचे श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, बरेच असतात, तीही मुलंच, भगव्या वस्त्रात असली तरी. फ्लॅश नको, अंतर ठेवा, अशा सूचना तिथे लावलेल्या आहेत, आणि तरी लोक तोंडाशी लेन्स नेतात. तू रस्त्याच्या पलीकडे उभा राहा. खरं म्हणजे एक दिवस कॅमेरा खोलीवरच ठेव.

झटपट प्रिंट देणारा छोटा कॅमेरा नेणार असशील तर एक धोका सांगतो. पाकिटात फिल्म दहा, आणि पहिला फोटो कागदावर उमटेपर्यंत भोवती पोरं तीस. उरलेल्या वीस जणांची रडारड मी पाहिली आहे. त्यापेक्षा सगळ्यांचा मिळून एकच काढ आणि गुरुजींच्या हातात दे. गोळ्या, चॉकलेटं, पैसे काही वाटू नकोस. पुढच्या प्रवाशाला पोरं खेळ सोडून हात पसरून सामोरी येतात, आणि तो मग त्याचाच फोटो काढतो.

चांगल्या कोनासाठी पायवाट सोडून शेतात शिरू नकोस. हे नैतिक वगैरे नाही, जिवाचं आहे. अमेरिकी विमानांनी टाकलेल्या त्या बॉम्बांतून विखुरलेल्या चेंडूएवढ्या छोट्या बॉम्बांपैकी तीस टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत असा अंदाज आहे, आणि ते अजून जमिनीत आहेत. तिथल्या पोरांना हे शाळेत शिकवतात. तुला कोण शिकवणार?

आणि फोनमधलं ठिकाण नोंदवणं बंद कर. फोटोच्या पोटात अक्षांश-रेखांश जातात. चेहरा, शाळेचा गणवेश आणि घराचा पत्ता एकत्र जगाला कशाला? १९८९च्या बालहक्क कराराच्या सोळाव्या कलमात मुलांच्या खासगीपणाचा हक्क लिहिलेला आहे, लाओसनं १९९१ साली तो करार स्वीकारला. गावात कुणी तुला कलम दाखवणार नाही. म्हणूनच आधी सांगतोय.

बाकी उजेडाचं, लेन्सचं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. गुडघ्यावर बस, एवढंच.

तर काम असं आहे. पत्रासोबत ते परत आलेलं पाकीट पाठवतोय. शिक्क्यांवर नवं पाकीट चढवलंय, आत त्याच चार प्रती आहेत. मुआंग न्गोईला उतरलास की गावाचं नाव सांगून वाट विचार, ते आत चिठ्ठीवर लिहिलंय. पातीची कुंडी असेलच असं नाही, पण आजीचा फोटो दाखवलास तर कुणीही घर दाखवेल. आजी असेल ना रे अजून? मुलगी आता तेरा-चौदा वर्षांची झाली असेल, कदाचित तिला फोटोची लाजही वाटेल. पाकीट आजीच्या हातात दे, तिरका का आला हे विचारलं तर माझं नाव सांग. आणि त्यांनी आपणहून म्हटल्याशिवाय नवा फोटो काढू नकोस, माझ्यासाठी म्हणून तर मुळीच नको. कोंबडीचं काय झालं तेवढं मात्र विचारून ये.

तुझाच