हात हलवणार नाही, रागावू नका

सोनेगाव, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दादाकडे जायची तिकिटं काढली. आई, तू म्हणालीस, "पोरगी विमानतळावर कामाला, मग दारापर्यंत तूच सोड." ते जमायचं नाही गं. मी खाली विमानापाशी ड्युटीवर असेन.

तुमचं विमान लहान, पंख्याचं. चढायचं दार शेपटीकडे, पंखे पुढे. पंखा जोरात फिरायला लागला की दिसतच नाही, तिथे काही नाहीच असं वाटतं. म्हणून बाबा, वावरातून आडवी वाट काढायची सवय त्या दिवशी नको. माणूस दाखवेल त्याच वाटेनं चाला. फोटोसाठी थांबू नका.

विमान येऊन थांबलं तरी आम्ही लगेच धावत नाही. त्याच्या पाठीवर-पोटाशी लाल दिवा लुकलुकत असतो. इंजिनं बंद झाली की वैमानिक तो विझवतो, तोवर इंजिनाकडे कोणी फिरकत नाही. मग चाकांना चॉक्स. उतारावर बंडी थांबवली की तुम्ही चाकाला दगड लावता ना, तेच. पंखांच्या टोकांशी नारंगी सुळके. शिवाय शेपटीखाली एक टेकू! सगळे मागूनच चढतात-उतरतात, त्या वजनानं शेपूट खाली बसू नये म्हणून. बघून हसू येईल तुम्हाला.

डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईत विमान निघताना एक तंत्रज्ञ चालू इंजिनात ओढला गेला. ती बातमी बाबा, तुम्हीच मोठ्यानं वाचली होती. तरी मला या कामाला लागू दिलंत. मे महिन्यात फरशी पायाखाली तापते, डोकं चालत नाही, तेव्हासुद्धा तो लाल दिवा विझलेला बघितल्याशिवाय माझं पाऊल पुढे पडत नाही.

आणि एक. तुम्ही पोस्टातले म्हणून सांगते. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं रात्री इथेच नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची. रात्रपाळीला मला ती माणसं आठवतात. तुमच्याच खात्याची.

आई, खिडकीची जागा घेतलीय. तू हात हलवशीलच. मी हलवणार नाही. इथे वर केलेल्या हाताचा अर्थ वैमानिक लावतो. विमान पुढे गेलं की मान तेवढी हलवीन.

तुमची,
ताई