बार्बेडोसहून पत्र: टॅक्सी नाही, बसनेच फिरतेय

आई, बाबा,

काल फोनवर आई दोनदा म्हणाली एकटी बसने फिरू नकोस, टॅक्सी कर, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय. आई, अख्खं बेट या टोकापासून त्या टोकापर्यंत 34 किलोमीटर, आणि बसमधे कुठेही उतरा भाडं एकच, साडेतीन डॉलर, म्हणजे इथले हां, अमेरिकेच्या एका डॉलरला इथले दोन मिळतात.

निळी बस सरकारी, तिच्यात सुट्टे परत देत नाहीत म्हणून मोजून पैसे हातात ठेवायचे. पिवळ्या मिनीबस खाजगी. आणि पांढऱ्या व्हॅन, ज्यांची नंबरप्लेट झेडआरने सुरू होते म्हणून नावच झेडआर पडलंय, ते म्हणजे आपलं वडापच, तसंच सरकून सरकून बसायचं, गाणी दणक्यात, कंडक्टर दारात उभा राहून हाका मारतोय. पण चढताना प्रत्येक माणूस गुड मॉर्निंग म्हणतो, अनोळखी असला तरी, आणि बाकीचे उत्तर देतात. मला हे फार आवडलंय.

स्टॉपवर पाटी असते, टू सिटी नाहीतर आउट ऑफ सिटी, सिटी म्हणजे ब्रिजटाउन. पहिल्या दिवशी मी उलट्या बाजूला उभी होते तर एका आजींनी विचारलं कुठे जायचंय, रस्ता ओलांडून दिला आणि माझी बस येईपर्यंत तिथेच थांबल्या.

रविवारी पूर्वेला बाथशेबाला गेले. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, क्षणभर वाटलं आष्ट्याच्या रस्त्यावर आहे, आणि मग एकदम उतार लागून खाली अटलांटिक, घराएवढे खडक पाण्यात उभे. ओढ फार असते तिथे, मी पाण्यात उतरले नाही.

बाबा, केन्सिंग्टन ओव्हल ब्रिजटाउनमधून चालत गाठलं! 29 जून 2024 ला आपण वर्ल्डकप जिंकलो ते हेच, आणि गावसकरांनी 1971 ला नाबाद 117 केले तेही इथेच. गेटपाशी बराच वेळ उभी होते, तुम्ही पाहिजे होता.

दादाला सांगा, येताना ती मिलिटरी प्रिंटची पँट आणू नको, इथे सैन्याशिवाय कुणी घालणं बेकायदेशीर आहे, लहान मुलांनासुद्धा चालत नाही.

उद्या शुक्रवार, झेडआरने ऑइस्टिन्सला जाणार, शुक्रवारी रात्री तिथे रस्त्याकडेला मासे भाजतात आणि सगळं गाव जमतं. परत यायला उशीर झाला तर तेवढी टॅक्सी करेन आई, शब्द.

तुमची,
ताई