नवगावपासून सुरुवात करा, पण तिथेच थांबू नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
स.न.वि.वि.

अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव आहे. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या परंपरेनुसार, या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी आणून टाकलेले मृतदेह नवगावात पुरले गेले. हे कोणत्या शतकात घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. समाज मात्र आपली सुरुवात याच जमिनीत मानतो, आणि तिथे आज स्मारकस्तंभ उभा आहे.

मला काळजी आहे ती जिथे स्तंभ नाही, अशा दफनभूमींची. वाचलेल्यांच्या वंशजांनी रायगडच्या गावागावांत तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, चौलचे चौलकर, नवगावचे नवगावकर. पुढे माणसं मुंबईला गेली. १७९६ साली सॅम्युएल इझीकेल दिवेकरांनी तिथे समाजाचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळ, बांधलं. हे दिवेकर सामाजी हसाजी म्हणूनही ओळखले जात. १९४८नंतर बरीच कुटुंबं इस्रायलला गेली. घरं विकली गेली, कबरी इथेच राहिल्या.

ज्यू धर्मात कबर कायमची असते. ती उकरत नाहीत, तिच्या जागी दुसरी कबर करत नाहीत. म्हणून गावात एकही ज्यू कुटुंब उरलं नसलं, तरी त्या जमिनीला 'पडीक' किंवा 'विनावापर' म्हणणं चूक आहे. आज ही चूक महाग पडेल. मांडव्याला २०२० पासून मुंबईहून गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट येते, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला, आणि अलिबाग तालुक्यात गुंठ्यागुंठ्याला गिऱ्हाईक आहे. ज्या कुंपणाशी रोज उभं राहणारं कोणी नाही, ते सरकायला वेळ लागत नाही.

या समाजाच्या दगडांवर हिब्रूबरोबर मराठीही कोरलेली आढळते. खाऱ्या वाऱ्याने आणि कोकणच्या पावसाने अक्षरं झिजत चालली आहेत. एक अक्षर गेलं की एक आडनाव जातं, आणि त्याबरोबर त्या गावाच्या इतिहासातलं एक घर. हा मराठीचाही ठेवा आहे, म्हणून तो वाचवण्याची जबाबदारी केवळ मागे उरलेल्या मोजक्या कुटुंबांवर टाकू नये.

राज्याने २०१६ मध्ये ज्यू समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, त्याचं मनापासून स्वागत आहे. आता महसूल खात्याला सोबत घेऊन रायगडमधल्या प्रत्येक ज्यू दफनभूमीची मोजणी करून घ्या आणि सातबाऱ्यावर 'दफनभूमी' अशी स्पष्ट नोंद लावा. पुरातत्त्व संचालनालयाकडून प्रत्येक शिलालेखाचे फोटो आणि वाचन करून घ्या. हिब्रू वाचणारी माणसं समाजात आहेत, त्यांना आधी बोलवा. गावातल्या म्हाताऱ्यांनाही विचारा, कारण कागदावर नसलेल्या हद्दी त्यांच्या लक्षात आहेत.

या कामाला मोठा निधी लागणार नाही. मोजणीचा आदेश मात्र येत्या पावसाळ्याआधी निघायला हवा.

आपला,
अलिबाग तालुक्यातील एक रहिवासी