काका, कॅमेरा उलटा करून तुम्ही नंबर वाचलात त्या दिवसाबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

नवी पेठेतल्या तुमच्या फोटो लॅबच्या काउंटरवर मी गेल्या दोन वर्षांत कितीदा उभी राहिले याचा हिशोब नाही. दरवेळी प्रिंट घेतले, पैसे दिले आणि "येते काका" म्हणून निघाले. आभार मानायचे राहूनच गेले. समोर बोलायला गेलं तर तुम्ही "जा गं, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून वाटेला लावणार, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते, कारण हातात जुना कॅमेरा आणि खिशात जेमतेम बसभाडं असलेली माझ्यासारखी पोरं सोलापुरात पुष्कळ आहेत. तुम्ही मला जे सांगितलंत ते त्यांच्याही उपयोगाचं आहे.

तो जानेवारी २०२४ चा, सिद्धेश्वर यात्रेचा गड्डा भरलेला असतानाचा आठवडा होता. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावरचा, सिद्धेश्वरांच्या लग्नाचा अक्षता सोहळा मी पहिल्यांदा कॅमेऱ्यातून पाहिला. सातही नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदी अंगरख्यातली हजारो माणसं, वर दुपारचं ऊन. कुणीतरी सांगितलं होतं म्हणून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाईलमध्ये, काढले फोटो. घरी आले तर लॅपटॉपवर ती सीआर२ नावाची कच्ची फाईल उघडायलाच तयार नाही. वर्गातल्या एकाने पेनड्राइव्ह दिला. त्यात महागडं सॉफ्टवेअर, क्रॅक केलेलं. चालू करायला अँटीव्हायरस बंद करावा लागला. तेव्हाच थांबायला हवं होतं. नवव्या दिवशी सगळ्या फोटोंच्या नावापुढे भलतीच अक्षरं लागली होती, एकही फाईल उघडेना, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये पैसे मागणारी एक चिठ्ठी. चार महिन्यांचे फोटो गेले. नान्नजच्या माळावरचे, कंबर तलावावरचे, आजीचे.

अक्षतेचे फोटो कार्डावर होते, तेवढे वाचले. ते कार्ड मुठीत धरून मी तुमच्याकडे आले आणि काउंटरवरच रडले.

तुम्ही रागावला नाहीत. आधी आतून पाणी मागवलंत. मग माझा मोबाईल नंबर विचारून तुमच्या कॉम्प्युटरवर जुन्या ऑर्डरींचं फोल्डर शोधलंत. मी तोवर प्रिंटला दिलेले ४६ फोटो तिथे जसेच्या तसे होते. त्यात आजीचा होता. ओसरीवर बसून शेंगा निवडतानाचा. काका, आजी त्याच्या आदल्याच दिवाळीत गेली होती. तो फोटो आज आमच्या घरात लावलाय, आणि तो आहे याचं कारण तुम्ही ऑर्डर झाली की लगेच पुसून टाकत नाही, एवढंच.

मग मी विचारलं, "काका, स्वस्तातलं चांगलं सॉफ्टवेअर कुठलं?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत. प्रिंटचं रिकामं पाकीट उलटं करून पेन पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "फोटोत तुला काय काय करायचंय ते लिही आधी." मी लिहिलं: बाराबंदी पांढरी फटक जाते, ती सावरायची. तिरका फोटो सरळ करायचा. बाबांच्या कारखान्यातल्या चादरीचा लाल खरा दिसायला हवा. रात्रीच्या फोटोतले दाणे कमी करायचे. शेवटी, पाचवं म्हणून लिहिलं की मागची माणसं काढून दुसरं आभाळ लावायचं. तुम्ही पाचव्यावर बोट ठेवून विचारलंत, "हे महिन्यातून कितीदा करतेस?" एकदाही नाही. म्हणून मग पहिल्या चारांवरच बोललो आपण. मला लागत होतं ते रॉ फाईल धुऊन देणारं सॉफ्टवेअर, आणि मी मात्र फोटोशॉपसारखं थरावर थर रचणारं सॉफ्टवेअर शोधत फिरत होते, कारण नाव फक्त तेच ऐकलेलं होतं.

तेवढ्यात तुम्ही माझा कॅमेरा हातात घेतलात, उलटा केलात आणि निगेटिव्ह बघायचं जुनं भिंग लावून बुडावरचा नंबर वाचून दाखवलात. सेकंडहँड घेतलेला कॅनन १५००डी. त्याच्याबरोबर बॉक्स नाही, सीडी नाही, काही नाही. कॅननचं स्वतःचं डिजिटल फोटो प्रोफेशनल नावाचं सॉफ्टवेअर कॅमेऱ्याच्या या नंबरावर फुकट उतरवता येतं, हे मला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. कॅमेरा घेतला तेव्हाच त्याचे पैसे भरून झालेले असतात. निकॉनवाल्यांना तसंच एनएक्स स्टुडिओ मिळतं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना अजून हे माहीत नाही.

त्या दिवशी पडद्यावर तुम्ही जे दाखवलंत ते अजून डोळ्यांपुढे आहे. एकाच क्षणाचे दोन फोटो शेजारी, जेपीजी आणि रॉ. उजेडाची पट्टी खाली ओढलीत तशी जेपीजीतली बाराबंदी नुसती करडी झाली, तिच्यात काही दिसेना. रॉमध्ये मात्र हळूहळू बंद दिसायला लागले, मग खांद्यावरच्या चुण्या, मग घामाने अंगाला चिकटलेलं कापड. जेपीजीत प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या, आणि माझ्या कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. तुम्ही म्हणालात, "सूत शिल्लक असेल तरच वीण दुरुस्त होते." यंत्रमागाच्या घरातल्या पोरीला याहून सोपं करून कुणी सांगितलं नसतं. त्याच फोटोत एकाच्या डोक्यावरच्या फेट्याचं टोक उन्हाने पार जळालेलं होतं. ते रॉमध्येही परत आलं नाही. तेही तुम्ही मुद्दाम दाखवलंत, म्हणजे रॉ आहे म्हणून मी बेफिकीर होणार नाही.

भाड्याने मिळणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल तुम्ही एक वाईट शब्द काढला नाहीत, हे मला फार आवडलं. फोटोशॉप तुम्ही स्वतः वापरता, दर महिन्याला पैसे भरता. लग्नाच्या अल्बमांचं काम असतं, त्यातून ते वसूल होतं. २०१३ पासून फोटोशॉपवाल्या अडोबीने हा भाड्याचा रस्ता धरला, त्याआधी डबा विकत घेतला की तो आपला व्हायचा, हेही तुम्हीच सांगितलंत. मला मात्र गुणाकार करायला लावलात. कॉलेजची अडीच वर्षं म्हणजे ३० महिने. शिवाय विद्यार्थ्यांची सवलत बघताना पहिल्या वर्षानंतर दर किती होतो ते आधी वाच, आणि वर्षाचा करार मधेच मोडला तर काय भरावं लागतं तेही वाच, असं बजावलंत. "आणि एकतिसाव्या महिन्यात पैसे नसले तर?" हा तुमचा प्रश्न मी घरी जाऊन शोधला. अडोबीच्याच, रॉ फाईल धुणाऱ्या लाइटरूम क्लासिकचं भाडं थांबलं तर फोटो आपलेच राहतात, बघता येतात, बाहेर काढता येतात, पण ज्या डेव्हलप विभागात खरं काम चालतं तोच बंद होतो. ज्याची महिन्याची आवक ठरलेली नाही त्याने अडीच वर्षांचं काम अशा कुलपात ठेवू नये असं माझं मत झालं, आणि ते आजही तसंच आहे.

पुढचे दोन महिने मी कॅननच्याच सॉफ्टवेअरवर काढले. बाबांच्या चादरीचा किस्सा त्याच काळातला. कारखान्याच्या दारात, उन्हात टाकलेली लाल जकार्ड चादर. मोबाईलवर तिचा लाल असा झळकत होता की मी खूश. तुमच्याकडून प्रिंट आणला, बाबांना दाखवला. त्यांनी तो खिडकीपाशी नेला, बाजूला खरी चादर धरली आणि म्हणाले, "हा आपला लाल नाही. आणि यात नक्षी कुठाय?" खरंच, मोराच्या पिसाऱ्यातले धागे सगळे एकाच लाल गोळ्यात बुडाले होते. तुम्ही फोटोतल्या रंगांचा आलेख उघडून दाखवलात, डावीकडे काळोख, उजवीकडे उजेड. हिरवा आणि निळा मधेच होते, लाल मात्र उजव्या भिंतीला चिकटलेला. एकूण उजेड बरोबर दिसला तरी एकटा लाल आधी भरून वाहू शकतो, आणि वर कॅमेऱ्यातली भडक पिक्चर स्टाईल, म्हणजे रंगांची ठरलेली छटा, त्यात भर घालते. स्टाईल बदलून फेथफुल केली, उजेड थोडा उतरवला, फाईल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत काढली. दुसरा प्रिंट बाबांनी खिडकीपाशी नेला, बराच वेळ बघितला आणि काही न बोलता पाकिटात घालून कारखान्यात घेऊन गेले. मालकाला दाखवायला.

डार्कटेबल या रॉ धुणाऱ्या सॉफ्टवेअरकडे मी तुमच्यामुळेच वळले, आणि तुमच्यामुळेच त्यात टिकले. पहिल्या दिवशी त्यात उघडलेला फोटो इतका मळकट दिसला की मी काढूनच टाकणार होते. "कॅमेरा जो मेकअप करून देतो तो इथे नाही, तुलाच करायचाय," असं तुम्ही म्हणालात, तेव्हा कुठे उलगडलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहेच, पण मुक्तही आहे. २००९ पासून जगभरची फोटो काढणारी माणसंच ते घडवताहेत. मूळ फाईलला ते हात लावत नाही, केलेले बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाईलमध्ये लिहून ठेवतं. माझ्या ४ जीबीच्या लॅपटॉपवर ते रखडायचं, हे खरं. एका साखरपुड्याच्या कामाचे पैसे आले त्यातून रॅम ८ जीबी केली, तेव्हा जरा धावायला लागलं. हाच माझा सॉफ्टवेअरवरचा एकमेव खर्च म्हणायचा.

मी ते तुम्हाला दाखवायला आणलं तो दिवस आठवतो? त्यात दोन मुख्य पडदे आहेत, एक लाइटटेबल, दुसरा डार्करूम. डार्करूम हा शब्द वाचून तुम्ही चष्मा काढून पुसलात. मग आत जाऊन एक तार घेऊन आलात, तिच्या टोकाला पुठ्ठ्याचा गोल तुकडा. लाल दिव्याच्या खोलीत, निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या एन्लार्जरखाली हा तुकडा हलवत चेहऱ्यावरची सावली कशी उजळायची, ते तुम्ही ट्यूबलाइटखाली काउंटरवर करून दाखवलंत. हात एका जागी थांबला की कागदावर कड उमटते, म्हणून तो सतत हलता ठेवायचा. मी डार्कटेबलमधल्या मास्कची, म्हणजे बदल जेवढ्याच भागात करायचा त्या आखलेल्या तुकड्याची, कड मऊ करते तेव्हा मला तुमचं ते मनगट दिसतं.

फोटोशॉपसारखंच पण फुकट असलेलं गिंप लागतं ते क्वचित, तार किंवा डाग पुसायला. १९९५ मध्ये बर्कलीतल्या दोन विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं हे कळलं तेव्हा मला फार बळ आलं होतं. मार्च २०२५ मध्ये त्याची ३.० आवृत्ती आली, आता फिल्टर लावून नंतर बदलताही येतो. ॲफिनिटी हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर तुम्ही सुचवलं होतंत तेव्हा ते एकरकमी विकत मिळायचं आणि मी त्यासाठी पैसे साठवत होते. ऑक्टोबर २०२५ पासून त्याची मालक कंपनी कॅन्व्हाने ते फुकट केलं, फक्त खातं उघडावं लागतं. साठवलेले पैसे मी बाहेरच्या हार्डडिस्कला लावले. सगळ्या फोटोंच्या दोन प्रती, एक घरी, एक मावशीकडे. तुम्ही न सांगताही तुमच्या त्या ऑर्डरींच्या फोल्डरने हे शिकवलं होतं.

या वर्षीच्या अक्षतेचा एक फोटो निवडलाय. "सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम" ऐकू आलं आणि एकाच वेळी हजारो हात वर गेले, तो. बारा बाय अठरा इंची काढायचाय. इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशोबाने ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात, माझी फाईल ६००० बाय ४००० ची आहे, म्हणजे कडेने थोडं कापूनही पुरेल. बाराबंदीच्या पांढऱ्यात जीव ठेवलाय. तरी प्रिंटआधी तुम्ही एकदा नजर टाका, तुमच्या नजरेला माझ्या स्क्रीनपेक्षा जास्त दिसतं.

आणि सोमवारी एक पोरगा येईल, पहिल्या वर्षाचा. निकॉन आहे त्याच्याकडे, आणि खिशात कुणीतरी दिलेला पेनड्राइव्ह. तो लॅपटॉपला लावू नको असं मी त्याला बजावलंय, एनएक्स स्टुडिओ उतरवून दिलंय, आणि तुमच्याकडे येताना एक रिकामं पाकीट नि पेन घेऊन जा म्हणून सांगितलंय. त्याला काय करायचंय ते त्याच्याकडून लिहून घ्या.

तुमची,
चादरवाल्यांची पोरगी